गोदाक्का, सक्ती कोणावर?

गोदाक्का,

तुमच्या घरापर्यंत मी आले होते. फाटकाशी चपलांचा ढीग, अंगणात भाड्याच्या खुर्च्या, आणि तुमचे भाऊ दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते. मी रस्त्याच्या पलीकडे झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबले. दुकानदाराला वाटलं मला कॉपी काढायची आहे, त्यानं दोनदा विचारलंसुद्धा. दहा मिनिटं तशीच उभी राहिले आणि आत न येता परत फिरले.

सकाळी भावांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले होते, "अक्का गेली गो. तुला कळवायचं ऐसं तिनं सांगून ठेवलेलं." म्हणजे ज्यांना कळवायचं त्या मोजक्या माणसांत तुम्ही माझं नाव ठेवलं होतंत. आणि मी काय केलं, तर झेरॉक्सच्या दुकानाची शोभा वाढवली. आज तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत जे घडलं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी ते सांगते, जे पाच वर्षं तुमच्यासमोर बसूनही मी तोंडातून काढलं नाही. तुम्हाला ते सगळं माहीत होतं, ते सोडा. मी बोलले नाही, हे माझं आहे.

सांगलीहून चेन्नईला आले तेव्हा मला सव्विसावं चालू होतं. सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी, आणि तांबरमला तुमच्या माडीवरची खोली. घर दाखवणारा माणूस म्हणाला, मालक मराठीच आहेत. मी खूश. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही जिना चढून वर आलात आणि म्हणालात, "जेवणास काय करणार तू? खाली ये, अस्के मिळून बसूं." मला अर्धंच कळलं आणि हसू फुटलं; अस्के म्हणजे सगळे, हे मागाहून कळलं. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली ती तुमची मराठी, त्यात तमिळचा हेल. मला वाटायचं की कुणीतरी जुनी बखर वाचून दाखवतंय आणि मध्येच सांबार वाढतंय. तुम्हीही काही कमी नव्हतात. मी "अक्का, ऑफिसला लेट होतंय, लंच स्किप करते" म्हटलं की तुम्ही शांतपणे विचारायचात, "ह्यात मराठी कोठ आहे गो?" माझी तमिळ भाजीवाल्यापुरती होती, तीही तुम्हीच शिकवलेली. परक्या गावात पहिलं वर्ष मी रडले नाही, याचं श्रेय तुमच्या स्वयंपाकघराला आहे. हे कधी बोलून दाखवलं नाही. ते सोपं होतं, तरी नाही.

तुम्ही स्टेशनच्या पलीकडच्या शाळेत गणित शिकवायचात. पोरांच्या तोंडी तुम्ही गोदा टीचर. शाळेच्या चालकांना इकडे करस्पाँडंट म्हणतात. त्यांनी आठ कंप्युटर आणून एका खोलीत बसवले होते. खोलीला एसी, खिडक्यांना पडदे, दाराला कुलूप, आणि आत शिरायचं तर देवळासारखं चपला बाहेर काढून. धुळीनं मशीन बिघडतं म्हणे. दर्शनाचा मान फक्त सायन्स ग्रुपच्या पोरांना. अकाउंट्सच्या ग्रुपमधल्या पोरी पडदा जरा सरकला की काचेला नाक लावून बघायच्या आणि शिपाई त्यांना हाकलायचा. हे तुम्हाला खपत नव्हतं.

म्हणून पंचावन्नाव्या वर्षी तुम्ही एक पुस्तक आणलंत आणि प्रोग्रॅमिंग शिकायला बसलात. अडलं की माझ्याकडे वर यायचात. चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल, आणि प्रश्न असे की मला चहा थंड करून उत्तर द्यावं लागायचं. तीन-चार महिन्यांत तुम्ही अकाउंट्सच्या पोरींना शाळा सुटल्यावर व्हरांड्यात शिकवायला लागलातदेखील. कंप्युटरशिवाय!

एका शनिवारी मी गंमत बघायला म्हणून आले होते. दहा पोरी रांगेत, प्रत्येकीच्या हातात पाटी, पाटीवर एकेक आकडा. समोर एकटी एक पोरगी, तिची पाटी कोरी. ती मल्लिगा, नुकतीच अकरावीत आलेली. काळी, उंच, तेलानं चप्प बसवलेल्या दोन वेण्या. दहा आकड्यांतला सगळ्यात मोठा कुठला, हे शोधायचं होतं. तिनं स्वतःच्या पाटीवर 'आत्तापर्यंतचा मोठा' एवढाच एक आकडा ठेवायचा. रांगेतली एकेक जण पुढे येणार, आपला आकडा दाखवणार. मध्ये तुम्ही उभ्या. "मोठा आहे का? मग जुना पूस, नवा लिही. मोठा नाही, तर?" आणि सगळ्या पोरी एका सुरात ओरडायच्या, "सुम्मा इरु!" गप्प बस! व्हरांडा दणाणून जायचा. कंप्युटरच्या पोटात जे चालतं ते मी इतकं उघड्यावर कधी पाहिलं नव्हतं.

मग मल्लिगानं हात वर केला. "टीचर, मी सुरुवातीला पाटीवर शून्य लिहून ठेवलं, आणि ह्या दहाही जणींचे आकडे शून्याच्या खालचे निघाले, तर? जो कुणाचाच नाही तो शून्यच मोठा ठरेल." तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. डोळ्यांत असा काही आनंद की जणू तुमच्याच पोरीनं पहिलं पाऊल टाकलं. अक्का, आमच्या टीममधल्या एका इंजिनिअरनं महिन्यापूर्वी नेमकी हीच चूक केली होती आणि आम्ही चौघं ती शोधत दोन दिवस बसलो होतो. मी तुम्हाला म्हटलं, "ही मला टीममध्ये पाहिजे." तुम्ही म्हणालात, "आधी हिला त्या खोलीत तर जाऊं दे."

कंप्युटर सगळ्यांना सक्तीचं करायला पाहिजे, ही कल्पना तुमची. पुढे कंपनीच्या पत्रकात ती माझी म्हणून छापून आली. मी ते दुरुस्त केलं नाही. पण हे त्यातल्या त्यात किरकोळ.

करस्पाँडंटांशी बोलायला मी गेले. कंपनीचं नाव ऐकून त्यांनी दोनदा कॉफी मागवली आणि योजना लिहायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. मला ते आवडलं. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या योजना निस्तरत होते, इथे माझ्या एका कागदावर शाळा हलणार होती. रविवारी तुमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून मी ती लिहिली. प्लस वनला, म्हणजे अकरावीला, यंदापासूनच प्रत्येक ग्रुपच्या पोरांना कंप्युटर. वर्षाच्या शेवटी मशीनवर परीक्षा. मशीनवर जे उमटेल तेवढंच धरायचं. आणि जो त्यात नापास, त्याला प्लस टूला चढवायचं नाही. म्हणजे कंप्युटर सुटल्याशिवाय शाळेतून कुणी पास होऊन बाहेर पडणार नाही. वाचून दाखवताना माझा आवाज चढला होता, मला आठवतं.

"सक्ती कोणावर, वैशाली?" तुम्ही विचारलंत.

"सगळ्यांवर."

"अस्के म्हणजे पोरंच ना? शाळेवर कोठ आहे? मशीन किती ठेवायचं, पोरीस आठवड्यात किती तास बसवायचं, ते कोठ लिहिलंस?"

"ते शाळा बघेल ना, अक्का. नापास व्हायची भीती नसेल तर मनावर कोण घेणार?"

"मी चौतीस वर्षं गणित शिकवते गो. भीतीनं पोरं शिकत नाहीत, पाठ करतात. सक्ती आधी शाळेवर कर. पोरांस काय म्हणून? आम्ही शिकवलं नाही तर आम्हास कोण नापास करणार?"

मी वाद घातला. माझ्या कॉलेजचे दाखले दिले, तुम्ही हळव्या आहात म्हटलं, जुन्या वळणाच्या आहात असंही म्हटलं. तुम्ही भेंडी चिरत होतात, सुरी खाली ठेवली नाहीत. शेवटी एवढंच म्हणालात, "नापासाची ती एक ओळ काढ. बाकी अस्के छान आहे." मी काढते म्हटलं. त्या वादात तुमचं बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाही, त्या टेबलावरही, कळत होतं. पाच वर्षांनी अक्कल आली असती तर निदान तेवढं म्हणता आलं असतं.

बैठकीत सहा माणसं होती. करस्पाँडंटांनी कागद हातात घेतला आणि पहिली तीच ओळ मोठ्यानं वाचली, कारण मी ती काढलीच नव्हती. "ह्याला म्हणतात शिस्त! पालकांना हेच पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी कागदाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, टीचर व्हरांड्यात जे घेतात ते चालू ठेवायचं का? आणि मी, अक्का, मी हसून इंग्रजीत म्हटलं की खेळ म्हणून छान आहे, पण व्हरांड्यात काही पोहायला शिकता येत नाही.

लोक हसले. ते हसावेत म्हणूनच मी बोलले होते. शिवाय कंप्युटर शिकवायला डिप्लोमावाला माणूस हवा, हेही माझ्याच कागदात होतं, तेव्हा तुमच्याकडून तो वर्गही गेला. घरी येताना शेअर ऑटोत आपण शेजारी बसलो होतो. उतरताना तुम्ही म्हणालात, "पोहण्याचं बोललीस, ते छान होतं." त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आता परीक्षेचं. वर्षभर त्या आठ मशिनांवर तीनतीन पोरं बसत होती, तीही पंधरा दिवसांतून एकदा. जी चटपटीत ती कळफलकापाशी. मल्लिगा कायम तिसरी. ती उत्तर सांगायची, दुसरी टाइप करायची. हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर आधी कळलं असतं.

परीक्षक म्हणून बाहेरून मीच आले. आठ-आठ जणांची तुकडी, चाळीस मिनिटं. मल्लिगाच्या वाट्याला प्रश्न आला तो नेमका दहा आकड्यांतला मोठा शोधायचा. मला मनातून बरं वाटलं. तिनं तुम्ही शिकवल्याप्रमाणेच केलं. आधी कागद. कागदावर चाललं तरच मशीन. तिनं कागदावर चौकोन आखले, ओळ न्‌ ओळ लिहिली, आकडे घालून पडताळून बघितली. त्यात वेळ गेला आणि समोरच्या मशीनचा पडदा काळा झाला. थोडा वेळ हात लावला नाही की तो आपोआप काळा होतो, कुठलंही बटण दाबलं की परत येतो. हे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पण जिला वर्षभर कळफलकापाशी बसूच दिलं नव्हतं, तिला कोण सांगणार? तिला वाटलं, मशीन मोडलं. आपल्या हातून मोडलं. आणि त्या खोलीचा पहिला नियम होता की विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. विचारलं तर बाबांना शाळेत बोलावतील, ही भीती.

मी तिच्या मागून दोनदा गेले. दुसऱ्यांदा तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या मनात काय आलं, ते लिहिते. माझ्या मनात आलं, बघा, हा व्हरांडा. बैठकीत केलेला विनोद खरा ठरतोय, याचं मला बरं वाटलं. एक सतरा वर्षांची पोर हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती आणि मला बरं वाटलं. कागदाकडे मी बघितलंही नाही, कारण मशीनवर जे उमटेल तेवढंच धरायचं, हा नियम माझाच होता. तिच्या नावापुढे मी लिहिलं, 'प्रयत्न केला नाही'. शून्य.

संध्याकाळी तुम्ही तो कागद घेऊन वर आलात. मी केस पुसत होते. तुम्ही कागद पलंगावर ठेवलात आणि म्हणालात, "बघ."

मी बघितलं. एक चूक नव्हती. पाटीवर सुरुवातीला शून्य नाही, रांगेतला पहिला आकडा लिहायचा, तेसुद्धा तिनं बरोबर धरलं होतं.

"एक बटण दाब, एवढं तिला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तिला येत नाहीये."

"तुझ्याकडे बघितलं म्हणते ती."

मी टॉवेल दांडीवर टाकला, परत काढला. तुम्ही पलंगाच्या कडेवर बसलात. "चूक माझीही आहे. आधी कागद, ऐसं मीच शिकवलं तिला. घड्याळ लावून परीक्षा घेणार, ते मला कळायला पाहिजे होतं." तुम्ही स्वतःला दोष देत होतात आणि मी गप्प बसून तो तुम्हाला घेऊ देत होते. मग तुम्ही म्हणालात, "करस्पाँडंटांना पत्र लिही. चूक परीक्षकाची झाली, पोरीची परत परीक्षा घ्या, ऐसं. माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. निकाल लागण्याआधी लिही."

मी म्हटलं, लिहिते.

निकाल लागला. मी लिहिलं नव्हतं. कारण काय सांगू? त्याच आठवड्यात कंपनीत आमच्या या योजनेचं कौतुक होणार होतं. मला स्टेजवर बोलावून फुलांचा गुच्छ देणार होते. ज्या कागदासाठी गुच्छ मिळणार, त्याच कागदापायी पहिल्याच परीक्षेत चूक झाली आणि ती मी केली, हे लिहून द्यायला हात उचलला नाही. जूनमध्ये पुन्हा परीक्षा आहेच, असं स्वतःला सांगितलं. जूनमध्ये मल्लिगा शाळेत आलीच नाही. तिच्या वडिलांनी म्हटलं, कंप्युटरनंच शून्य दिलं तर आणखी शिकून काय करणार. म्हणजे बापाचा समज असा की कंप्युटरनं तिची परीक्षा घेतली आणि कंप्युटर काही चुकत नाही.

त्यानंतर महिन्याभरात मी तुमची खोली सोडली. तिरुवल्लिकेणीत एका मैत्रिणीबरोबर राहायला गेले. ऑफिसची गाडी तिकडून मिळते, असं सांगितलं तुम्हाला. तांबरमहूनही मिळत होती, आणि तुम्हाला ती रोज सकाळी दारात दिसायची. तुम्ही म्हणालात, "हो का? मग बरंच आहे." आणि डब्यात लोणचं भरून दिलंत.

नंतर सणावारी फोन, वर्षातून दोन-तीनदा भेट. एकदा मला तापानं घेरलं, सांधे असे धरले की पेला उचलता येईना. मैत्रिणीनं तुम्हाला कळवलं. तुम्ही बस बदलत त्या गल्लीत आलात, तीन जिने चढलात, रसम करून मला चमच्यानं पाजलंत आणि माझी बोटं तेलानं चोळत बसलात. मला वाटत होतं, आता विचारतील. आता विचारतील, आणि मी सांगेन. तुम्ही विचारलं नाहीत. मला तुमचा राग आला होता, खरं सांगते. एकदा तरी विचारायचं होतंत. शिव्या द्यायच्या होत्यात. तुमच्या त्या गप्प बसण्यापुढे मी पाच वर्षं मान खाली घालून रसम प्यायले.

तर त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानापासून निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी समोरून मल्लिगा आली. कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात ती फोन जोडते, हे तुम्ही मागे एकदा सांगितलं होतंत. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून उतरून थेट तुमच्याकडे निघाली होती. मी तोंड फिरवायच्या आत तिनं मला ओळखलं.

"वणक्कम, मॅडम. बघून आलात टीचरना?"

मी मान हलवली. ते खोटं त्या दिवसाचं पहिलं. तिचे डोळे सुजले होते. आमचं बोलणं तमिळमध्ये, माझं मोडकंतोडकं. ती म्हणाली, "तुम्हाला कधीतरी भेटून सांगायचं होतं. तुम्ही माझ्यासाठी पत्र दिलं होतं ना करस्पाँडंटांना, टीचर नेहमी सांगायच्या. चूक तुमची झाली, असं तुम्ही लिहून दिलंत, त्यांनीच मानलं नाही. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचं कोण लिहून देतं, मॅडम? थँक्स."

आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "परवाइल्लै." असू दे, त्यात काय. तुम्हीच शिकवलेला शब्द. भाजीवाल्यानं एखादी मिरची जास्त टाकली की म्हणायचा.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. तुम्ही खोटं बोलला होतात. तुम्ही! भाच्याच्या लग्नालासुद्धा आजारपणाची रजा टाकली नाहीत, कारण आजारी नव्हतात. त्या तुम्ही पाच वर्षं एक खोटं सांभाळलंत, आणि मला वाटलं, माझ्यासाठी. माझी लाज झाकायला. ते आठवून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले. त्या रडण्यातसुद्धा थोडं सुख होतं, अक्का, की मी तुम्हाला एवढी जवळची होते.

काल रविवार. मल्लिगाचं घर शोधत गेले. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे, दोन खोल्या. ती केस वाळवत बसली होती, आत तिचे वडील टीव्ही बघत होते. मी बसल्याबसल्या सांगून टाकलं, कॉफी यायच्या आत. पत्र लिहिलं नव्हतं. कधीच नव्हतं. पडदा काळा होता हे मला दिसलं होतं, आणि तुझ्याकडे बघून मी पुढे गेले.

तिनं टॉवेल केसांना गुंडाळला.

"म्हणजे टीचर खोटं बोलल्या?"

"माझी लाज राखायला," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तमिळमध्ये काहीतरी भलतंच बोलून बसले होते. मग आतल्या खोलीकडे एक नजर टाकून, आवाज खाली आणून म्हणाली, "तुमची कशाला? शाळा सुटली त्या वर्षी बाबा माझं लग्न लावून देणार होते. पोरीचं डोकं नाही, कंप्युटरनं सांगितलं, असं सगळ्या गल्लीत बोलून बसले होते. टीचर घरी आल्या. म्हणाल्या, कंपनीच्या मॅडमनी स्वतः लिहून दिलंय, चूक तुमच्या पोरीची नव्हती. मग बाबा थांबले. दर महिन्याला येऊन टीचर तेच सांगायच्या. बाबा विसरू नयेत म्हणून."

कॉफी आली. मी हातात धरून बसले. माझ्यासाठी काही नव्हतं त्यात, अक्का. तुम्हाला एका पोरीचं लग्न थांबवायचं होतं आणि त्यासाठी एक पत्र लागत होतं. मी दिलं नाही, म्हणून तुम्ही तोंडानं लिहिलंत. वर ते चांगलं वठावं म्हणून माझ्या नावाला थोडं मोठेपण चिकटवलंत. आणि मी दहा-अकरा दिवस तेच उरी धरून रडत होते.

मल्लिगा उठून आत गेली. धाकट्या बहिणीच्या वहीतला एक कागद फाडून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. ती बहीण यंदा त्याच शाळेत प्लस वनला आहे. नियम अजून तोच, मशीन अजून आठच.

"आता लिहा, मॅडम. मग टीचर खोटं बोलल्या असं होणार नाही."

मी लिहायला बसले. इंग्रजीत, जसं ऑफिसात लिहिते तसं. वर करस्पाँडंटांचं नाव. मागची तारीख घालावी, असं पेन टेकवताना मनात आलंच. आजची घातली. त्या परीक्षेत या विद्यार्थिनीला दिलेलं शून्य तांत्रिक अडचणीमुळे होतं, तिचा लेखी प्रोग्रॅम पूर्ण बरोबर होता. कंप्युटर सक्तीचं ठेवायचं तर आधी प्रत्येक पोराला पुरेसे तास आणि स्वतंत्र मशीन देण्याची सक्ती शाळेवर असावी. तोवर नापासाची ओळ काढून टाकावी. तुमचं म्हणणं अखेर तुमच्याच शब्दांत लिहिलं, आणि ते गोदा टीचरांचं आहे असंही लिहिलं. सही केली. बरं लिहिलंय असं वाटलं मला.

मल्लिगानं कागद घेतला आणि सावकाश, ओठ हलवत वाचला. मध्येच थांबली.

"तांत्रिक अडचण कुठली होती, मॅडम?"

मशीन ठणठणीत होतं. मी कागद परत घेतला, ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे'. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचला, मान हलवली. मी हात पुढे केला. म्हटलं, "दे, उद्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी शाळेत नेऊन देते."

तिनं कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "उद्या माझी शिफ्ट दुपारची आहे. मी नेऊन देते."